पोरीचं नाव कुठल्या शाळेत आहे

नोकरी लागली त्याच आठवड्यात आमच्या अधीक्षकांनी मला भिंतीवरच्या नकाशासमोर उभं केलं. नांदेड जिल्ह्याचा जुना नकाशा होता. तालुक्यांच्या सीमा कुणीतरी निळ्या शाईनं पुन्हा गिरवल्या होत्या.

"कायदा नंतर शीक," ते म्हणाले. "आधी हे पाठ कर. कोणता कागद कोणत्या कोर्टाचा. चुकीचा कागद आपल्या टेबलावरून वर गेला, तर साहेब आपल्यालाच विचारतात."

मी पाठ केलं. पाठांतर मला चांगलं जमायचं, त्याच्याच जोरावर मी तिथवर आलो होतो. घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिला. पदवी तर आमच्या सगळ्या भावकीत कुणाकडं नव्हती. परीक्षेतून कनिष्ठ लिपिक म्हणून कोर्टात लागलो तेव्हा बापूंनी गावात पेढे वाटले आणि ज्या गुरुजींनी मला चौथीत शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसवलं होतं, त्यांच्या पायांवर मला डोकं ठेवायला लावलं. ते त्यांनी सांगितलं नसतं तरी मी ठेवलंच असतं.

माझं टेबल दाखल विभागातलं. दावा, अर्ज, अपील जे काही येईल ते आधी आमच्या खिडकीत. तीन गोष्टी बघायच्या. गोष्ट घडली कुठं किंवा माणूस राहतो कुठं, दाव्याची किंमत किती, आणि प्रकार कोणता. त्यावरून ठरतं की हे काम तालुक्याच्या कनिष्ठ स्तराचं, की वरिष्ठ स्तराचं, की जिल्हा न्यायाधीशांचं. गावाकडची जुनी माणसं अजून मुन्सफ कोर्ट म्हणतात, निजामाच्या वेळचा शब्द. त्यांना मी समजावून सांगायचो. किनवटच्या जंगलातल्या गावातून पहाटेच्या गाडीनं एखादा माणूस यायचा, पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले कागद काढायचा, आणि मी नाव-गाव वाचून ते परत द्यायचो. "बाबा, हे तुमच्या किनवटलाच व्हतंय. इथं कशाला आलात?" हदगावच्या माणसाला हदगावला पाठवायचो. परत पाठवताना मला आतून बरं वाटायचं. मला बरोबर येतंय, असं वाटायचं.

माणूस खिडकीपाशी उभा राहून आपलं दुःख सांगायला लागला, की मी त्याला मधेच थांबवायचो आणि विचारायचो, "राहता कुठं?" दुःख लहान की मोठं ते बघणं आमचं काम नव्हतं. ते कुठल्या तालुक्यातलं आहे, एवढंच बघायचं होतं.

आता अक्काचं सांगतो.

अक्का माझ्याहून एका वर्षानं मोठी. सातवीपर्यंत शिकली. आमच्या गावात शाळा सातवीपर्यंतच, पुढं तालुक्याला जावं लागायचं, सकाळची पहिली बस. मुलींना पास फुकट होता. अडचण त्याची नव्हती. माय आणि बापू दिवस उगवायच्या आत शेतात जायचे, आणि दोघंही लेकरं बसनं गेली तर भाकरी कोण थापणार, जनावरांचं कोण बघणार, असा प्रश्न होता. तो सुटला तो असा की ती घरी राहिली आणि मी बसनं गेलो. माझ्या डब्यातली भाकरी पाच वर्षं तिनं थापली. एकोणिसाव्या वर्षी तिचं लग्न झालं, लातूर जिल्ह्यात, देवणीकडच्या एका गावात. घर खाऊन-पिऊन सुखी होतं, दावणीला चांगली देवणी गाय-बैलं होती. बापू तर बैल बघूनच हो म्हणाले, असं माय पुढं चिडून म्हणायची.

दाजींचा हात उठायचा. हे आम्हाला पहिल्या वर्षीच कळलं होतं. दरवेळी जाऊन समजूत काढून आलो. पोरगी सहा वर्षांची झाली, पहिलीत गेली, त्या दिवाळीला अक्का माहेरी आली ती कानामागं पट्ट्याचा वळ घेऊन. पायरीवर बसली आणि म्हणाली, "म्या आता जानार न्हाई." एवढंच. रडली नाही.

मायनं आधी दार लावलं. मग म्हणाली, "कुनाला काई सांगायचं न्हाई. चार दिस राहायला आली म्हना."

हे मायचं एकटीचं नव्हतं. आमच्याकडं परत आलेली लेक कधीच परत आलेली नसते. ती पाहुणी असते. तिची पेटी सासरीच राहते, तिचे कपडे कपाटात नाही, खुंटीवरच्या पिशवीत असतात. शिधापत्रिकेवर तिचं नाव चढवत नाहीत. दवाखान्यात नेलं आणि डॉक्टरनं गाव विचारलं, तर ती सासरचं गाव सांगते, कारण लग्न झालेल्या बाईचं गाव तेच. वर्ष गेलं तरी शेजारीण विचारते, "कवा आलीस? किती दिस हायस?" आणि लेक म्हणते, "चार दिस." सगळ्यांना सगळं माहीत असतं. तोंडानं कुणी म्हणत नाही.

पंधरा-वीस दिवस गेले असतील. मी रविवारचा नांदेडहून गावी आलो होतो. अक्का चुलीपाशी होती. म्हणाली, "भैया, पोरीची टीसी आनू का? इथं शाळेत घालते. रिकामी फिरून राहिली."

मी म्हणालो, "नको."

"का?"

"टीसी काढली की तेच म्हणतील, ही पोरगी घेऊन पळाली. संसार तिनंच मोडला असं कागदावर येतं. नाव तिकडंच राहू दे. तुझाच हक्क टिकतो त्यानं. मी रोज बघतो ना कोर्टात."

"मंग शिकंल कशी?"

"गुरुजींना सांगतो. बसू देतील वर्गात."

भाकरी उलटताना ती हसून मायला म्हणाली, "माय, तुझा लेक वकीलच झाला की गं." माझ्याकडं तिनं किती विश्वासानं बघितलं ते मला अजून दिसतं.

कोर्टात मी रोज बघत होतो हे खरं. पण खिडकीतून कागदाचं पहिलं पान बघणं निराळं. आत पुढं काय होतं हे मला तेव्हा फारसं कळत नव्हतं. आणि दुसरं, हे मी इतकी वर्षं कुणाजवळ बोललो नाही. त्या वेळी माझी सोयरीक चालली होती. मुलीचे वडील नोकरदार, लातूर शहरातले, घर शिकलेलं. घरी नांदायला गेलेली आणि परत आलेली बहीण आहे, हे पहिल्याच बैठकीत बाहेर पडलं असतं तर ती सोयरीक पुढं गेली असती का, सांगता येत नाही. टीसी आणायची म्हणजे दाजींच्या गावी जाऊन मागायची, तिकडं बोभाटा, आणि लातूर तिथून लांब नाही. मला अक्का माझं लग्न होईपर्यंत पाहुणीच हवी होती. कायद्याचं मी वरून लावलं.

गुरुजी बदली होऊन, मुख्याध्यापक म्हणून, परत आमच्याच गावच्या शाळेवर आले होते. त्यांनी एका शब्दावर पोरीला वर्गात बसवलं. पटावर नाव नाही, पण खिचडी मिळायची, पाटी तपासली जायची. पहिली संपली, दुसरीत गेली. ती खिडकीजवळ बसायची. पाढे म्हणताना मान डोलवायची. गुरुजी मला म्हणाले होते, "तुझ्यावर गेली रे, पाठांतर चांगलं आहे." मला अभिमान वाटला होता.

माझं लग्न झालं. लातूरच्या पाहुण्यांना अक्का "लग्नासाठी आलेली" दिसली. पोरगी नवा फ्रॉक घालून सगळ्या फोटोंत पुढं. लग्न रविवारी होतं. हे रविवारचं पुढं कामाला येईल तेव्हा सांगतो, म्हणजे कामाला येणार नाही ते सांगतो.

दीड वर्ष झालं होतं. मे महिन्यात दाजी आले, जीप घेऊन, आंब्याची पेटी घेऊन. आवाज मऊ. पायरीवर बसले, पाणी प्याले. "आई आजारी हाय. नातीला एकदा बघायचं म्हनती. चार दिसानं आनून सोडतो."

माय अक्काकडं बघायला लागली. अक्का माझ्याकडं. नाही म्हणायचं कशावर? आम्ही तर सगळ्या गावाला सांगून ठेवलं होतं की ही चार दिवसांचीच आहे, घर तिकडंच आहे. बापाला लेक नेऊ नको म्हणायला तोंड राहिलं नव्हतं. पोरगी जीपमध्ये बसायला मिळतंय म्हणून उड्या मारत होती. अक्कानं तिच्या पिशवीत दोन फ्रॉक घातले. दोनच, चार दिवसांच्या हिशोबानं.

पाचव्या दिवशी फोन बंद लागला. मी आणि बापू गेलो तर दाजींनी दारातूनच सांगितलं, "पोरगी आमची हाय. तुमच्या लेकीला यायचं तर येऊ द्या, न्हाईतर तिची ती बघंल."

मग अर्ज केला. लेकराचा ताबा मागायचा अर्ज. मोफत वकील मिळाल्या, बाई होत्या, नव्या पण मन लावून काम करणाऱ्या. त्यांनी पहिल्याच दिवशी समजावलं की ताब्याचा अर्ज आईच्या गावावरून ठरत नाही, बापाच्या गावावरूनही नाही. लेकरू नेहमी जिथं राहतं तिथल्या कोर्टात चालतो. "मुलगी दीड वर्ष तुमच्याकडं होती ना? मग नांदेडला टाकू. चार दिवस नेतो म्हणून नेली, त्यानं राहणं बदलत नाही."

मला सुटल्यासारखं झालं. कोर्ट आपलं, साहेब माहितीतले, शिपाई माझ्या हातचा चहा पिणारे. अधीक्षकांनी मात्र मला आत बोलावून दार लोटलं.

"तुझ्या बहिणीचा कागद तू हाताळायचा नाहीस. त्या तारखेला रजा टाक, नाहीतर दुसऱ्या टेबलावर बस. साहेबांसमोर तू दिसायचा नाहीस. कळलं?"

"हो सर."

"वाईट वाटून घेऊ नकोस."

मी वाईट वाटून घेतलं नाही. ते बरोबरच होतं.

दाजींच्या वकिलांनी पहिल्याच तारखेला म्हणणं दिलं, या कोर्टाला हा अर्ज ऐकायचा अधिकारच नाही. मुलगी नेहमी देवणी तालुक्यात राहते, तिची शाळा तिथं आहे, अर्ज उदगीरला करायला हवा होता. सोबत तिकडच्या शाळेचा दाखला आणि दोन वर्षांच्या हजेरीची नक्कल.

ती नक्कल मी बघितली. वकीलबाईंनी बाहेर बाकावर माझ्या हातात दिली. आमची पोरगी, जी आमच्या गावच्या शाळेत खिडकीजवळ बसून पाढे म्हणत होती, ती तिकडच्या हजेरीत रोज हजर होती. जूनपासून एप्रिलपर्यंत. प्रत्येक महिन्यात एक-दोन दिवस गैरहजर, खरं वाटावं एवढेच. तिकडं पट घसरत चालला होता. पट घसरला की एक शिक्षक कमी होतो, हे मराठवाड्यातल्या कुठल्याही गावात शेंबडं पोरही सांगेल. टीसी काढली नव्हती, नाव होतं, मग हजेरी लावायला काय लागतं? कुणी दाजींसाठी ते केलं नव्हतं. त्या शाळेनं स्वतःसाठी केलं होतं, आणि ते दाजींच्या कामाला आलं. नाव तिथं ठेवायला मीच सांगितलं होतं.

वकीलबाईंनी लग्नाचे फोटो मागितले. लग्नाच्या दिवशी हजेरीत ती हजर दिसली असती तर तेवढं एक तरी खोटं पडलं असतं. पण रविवार. हजेरीत त्या दिवशी सुट्टीची लाल रेघ होती.

मोबाइलमधले बाकीचे फोटो दिले. समोरचे वकील म्हणाले, मामाच्या घरी भाची येते, फोटोही निघतात. पाहुणचाराचे फोटो आहेत.

"तुमच्या शाळेचे गुरुजी सांगतील का?" वकीलबाईंनी विचारलं.

मी गुरुजींकडं गेलो. शाळा सुटायची वेळ होती. त्यांनी मला खुर्ची दिली, माझ्या बायकोची चौकशी केली, पाणी दिलं. मी विषय काढला तशी त्यांची मान खाली गेली.

"समन्स आलं तर येईन मी," ते म्हणाले. "खोटं बोलणार नाही. पण मला विचारतील, पटावर नाव होतं का? नव्हतं. हजेरी लावली का? नाही. मग कशावरून सांगता? वर्गात भावाच्या मागं, बहिणीच्या मागं किती लेकरं येऊन बसतात. आणि पटावर नसलेलं लेकरू वर्ष-दीड वर्ष बसवलं, त्याला खिचडी दिली, हे मी शपथेवर सांगितलं की माझी चौकशी लागली. नोकरीचे आठ महिने राहिलेत रे माझे."

मी उठलो. त्यांच्या पाया पडलो. त्यांनी पाठीवरून हात फिरवला.

घरी आल्यावर मी अक्काला म्हणालो, "समन्स काढू. यावंच लागेल त्यांना."

अक्का धुणं वाळत घालत होती. "नगं," म्हणाली. "गुरुजींना कोर्टात वढू नगं. त्यांनी तुला शिकवलं."

गुरुजींवाचून उरले ते गावचे लोक. तीन शेजारी साक्षीला तयार झाले. दोघं बापेमाणसं तारखेला सोयाबीनच्या काढणीचं निमित्त सांगून घरीच राहिली. आली ती फक्त आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारी काकू. मनानं मोठी बाई, इरकल नेसून, डोक्यावर पदर घेऊन आली. बसमध्ये मला म्हणाली, "घाबरू नगं. समदं खरं सांगते बघ मी."

मी त्या दिवशी रजा टाकली होती. आत गेलो नाही, पण आमच्या कोर्टाची दारं उन्हाळ्या-पावसाळ्यात उघडीच असतात. मी व्हरांड्यात खांबाआड उभा होतो. सगळं ऐकू येत होतं.

वकीलबाईंच्या प्रश्नांना काकूनं चांगलं सांगितलं. पोरगी इथंच होती, रोज शाळेत जायची, माझ्या अंगणातून जायची. मग दाजींचे वकील उठले.

"मावशी, ही माहेरी कधी आली?"

"दिवाळीला आली जी."

"दर दिवाळीला येते?"

"माहेरवाशीण हाय. येनारच की."

"त्या दिवाळीला किती दिवसांसाठी आली होती?"

काकू म्हणाली, "चार दिस."

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"हिच्या मायनं. दळनाला गेले तवा. मंग संक्रांतीला वान द्यायला आली तवा पुसलं, तवाबी म्हनली चार दिस. पाडव्यालाबी चारच. दुसऱ्या दिवाळीलाबी चारच दिस."

कोर्टात हसू फुटलं. साहेबही हसले असावेत, कारण समोरच्या वकिलांचा आवाज मोकळा झाला.

"म्हणजे दरवेळी चार दिवसांसाठी येत होती."

"येत न्हवती. आली ती गेलीच न्हाई की."

"ते राहू द्या. ती कायमची राहायला आली, असं तुम्हाला तिनं किंवा तिच्या घरच्यांनी कधी सांगितलं?"

"असं कुनी सांगतंय का, वकीलसाहेब? तुमची लेक आली तर तुमी सांगाल का?"

पुन्हा हसू. या वेळी वकील हसले नाहीत.

"माझ्या लेकीचं सोडा, मावशी. सांगितलं, की नाही सांगितलं? एवढंच बोला."

मग काकूचा आवाज, बारीक झालेला. "न्हाई सांगितलं."

तिनं सगळं खरं सांगितलं होतं. आमचंच खोटं तिनं शब्द न बदलता खरं सांगितलं.

बाहेर आली तेव्हा तिनं माझा हात धरला. "चुकलं का रे काई?" मी म्हणालो, "नाही काकू, बरोबर बोललात." तिला चहा पाजला आणि बसमध्ये बसवून दिलं.

निकाल पुढच्या महिन्यात आला. अर्जदारानं मुलीचं नेहमीचं राहणं या न्यायालयाच्या हद्दीत असल्याचं सिद्ध केलेलं नाही. शाळेचे कागद दुसरीकडचे, अर्जदाराच्या स्वतःच्या साक्षीदारानुसार अर्जदार माहेरी पाहुणी म्हणून आलेली. सबब अर्ज योग्य न्यायालयात दाखल करण्यासाठी परत. मी तो निकाल तीनदा वाचला, कुठंतरी चूक सापडावी म्हणून. सापडली नाही. माझ्यासमोर तेच कागद असते तर मीही तेच लिहिलं असतं. मला साहेबांचा राग धरायचा होता, आणि तेवढंही मला मिळालं नाही.

परत केलेला अर्ज पक्षकाराच्या हातात द्यायचा, नोंदवहीत सही घ्यायची. ज्यांच्याकडं ते काम होतं ते त्या दिवशी रजेवर. अधीक्षक म्हणाले, "निकाल लागला, आता काही नाही. तूच दे." अक्का खिडकीबाहेर उभी राहिली, जिथं किनवटची माणसं उभी राहतात. मी आतून कागद सरकवले. नोंदवही फिरवून तिच्यासमोर ठेवली. तिनं सातवीतल्या अक्षरात, ओळ न सोडता, पूर्ण नाव लिहिलं. मग पेन थांबलं.

"भैया, इथं गाव लिवायचं हाय. कोनतं लिवू?"

मागं रांग होती. मी म्हणालो, "आपलं लिही."

तिनं माझ्याकडं बघितलं. राग नव्हता तिच्या नजरेत. ती जागा तिनं रिकामी सोडली आणि कागद पिशवीत घालून बाजूला झाली. ती गेल्यावर मी ती जागा भरली. आमच्या गावाचं नाव लिहिलं, आणि सवयीनं त्याच्याआधी "सध्या" लिहून गेलो.

उदगीरला पुन्हा पहिल्यापासून. नवे वकील, नव्या तारखा. नांदेडहून मुखेडमार्गे बस, जायला निम्मा दिवस. तोवर पोरगी खरोखरच तिकडची झाली होती. हजेरी आता खरी होती. मधे तिथल्या साहेबांनी पोरीला आपल्या खोलीत बोलावून विचारलं, कुणाकडं राहायचं? ती म्हणाली, इथं. आजी आहे, मैत्रिणी आहेत, बापानं सायकल घेतली आहे. आठ-नऊ वर्षांच्या लेकरानं आणखी काय सांगावं? मूळ अर्ज अजून चालू आहे. तोवर आईला भेटायला मिळतं, महिन्यातल्या पहिल्या शनिवारी दुपारी दोन ते चार, कोर्टाच्याच आवारात.

माझ्या खिडकीत मी अजून बसतो. बढती झाली, पण खिडकी तीच. लेकरू घेऊन माहेरी आलेली बाई दिसली, की मी पहिल्यांदा तालुका विचारत नाही आता. "पोरीचं नाव कुठल्या शाळेत आहे?" असं विचारतो. हे माझं काम नाही, अधीक्षक दोनदा ओरडलेही. बऱ्याच जणी म्हणतात, "नाव तिकडंच हाय. आमी काय, चार दिस..." मी म्हणतो, उद्या जाऊन टीसी काढा. त्या माझ्याकडं संशयानं बघतात, आणि सोबतचा भाऊ किंवा बाप म्हणतो, "बघू जी." त्या 'बघू'मागं काय असतं ते मला कळतं. मीही तसंच बघितलं होतं.

मागच्या शनिवारी मी अक्कासोबत उदगीरला गेलो. तिनं पहाटे उठून धपाटे केले होते, पोरीला आवडतात म्हणून. पोरगी आता चौथीत आहे, उंच झाली आहे. कोर्टाच्या व्हरांड्यातल्या बाकावर आईशेजारी बसली आणि धपाटं खाल्लं. अक्का तिच्या वेणीवरून हात फिरवत राहिली. बोलायला फार काही नसतं. दोन तास असतात. शाळेचं विचारलं, पाढे विचारले. तीसपर्यंत म्हणून दाखवले तिनं, मान डोलवत.

मग माझ्याकडं वळून म्हणाली, "मामा, तुमच्या गावात शाळेमागं चिंच होती ना? मोठी?"

"आहे की अजून."

"मी तुमच्या गावाला आले होते तवा लई खाल्ल्या होत्या."

मी "हो" म्हणालो. अक्काचा हात वेणीवर तसाच होता. चार वाजता दाजी आले, पोरगी उठली, डबा परत दिला, पाया पडली आणि गेली.

परतीच्या बसमध्ये अक्का खिडकीपाशी बसली. मुखेड मागं पडलं. मला वाटलं काहीतरी म्हणावं, म्हणून मी म्हणालो, "लहान आहे ती. दीड वर्ष राहिली हे विसरली."

"इसरली न्हाई," अक्का म्हणाली. "रोज इचारायची, आपन घरी कवा जायचं? मी तरी तिला काय सांगितलं? चार दिसच सांगितलं की."